शंभर रुपयांतले सात पैसे

निवडणूक आली की आमच्या गावात दोन सभा होतात. पहिली मोहल्ल्यात, मशिदीच्या पलीकडच्या मैदानावर. तिथे नेता सांगतो, "आम्ही तुम्हाला एवढे दिले!" दुसरी सभा वरच्या आळीच्या चौकात. तिथे दुसरा नेता सांगतो, "त्यांनी त्या लोकांना एवढे दिले!" वाक्य जवळजवळ तेच, फक्त सर्वनामे बदलतात. टाळ्या दोन्हीकडे पडतात. पण 'एवढे' म्हणजे केवढे, हे पहिला सांगत नाही, दुसराही सांगत नाही आणि टाळ्या वाजवणारे विचारत नाहीत.

आम्ही शाळामास्तर. गणिताच्या पेपरात मुलाने नुसते उत्तर लिहिले आणि रीत लिहिली नाही, तर आम्ही त्याचे गुण कापतो. उत्तर शेजाऱ्याच्या पेपरात डोकावूनही लिहिता येते, रीत मात्र स्वतःलाच मांडावी लागते. गेली वीस वर्षे आमच्यावर होणाऱ्या सरकारी खर्चाबद्दल सगळे पक्ष नुसती उत्तरे लिहीत आले आहेत. एकाचे उत्तर 'कल्याण', दुसऱ्याचे 'तुष्टीकरण'. रीत कोणाच्याच पेपरात नाही. ती आम्ही इथे मांडणार आहोत. मांडताना काही बोचरे शब्द आपल्या माणसांच्याही वाट्याला येतील. वाचकांनी त्याबद्दल राग धरू नये. आणि धरलाच तर आधी बेरीज तपासून मग धरावा.

सुरुवात अगदी लहान रकमेपासून करू. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेपुढे आला. त्यानंतर २००८ साली केंद्र सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू केली. पहिली ते दहावीची मुले, पालकांचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत, आधीच्या परीक्षेत ५० टक्के गुण, ३० टक्के शिष्यवृत्त्या मुलींसाठी राखून. घरून शाळेत येणाऱ्या मुलाला निर्वाहासाठी महिना १०० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. म्हणजे पाचवीपर्यंतच्या मुलाला अख्ख्या वर्षाचे १००० रुपये.

या हजार रुपयांसाठी काय काय करावे लागे ते आम्हाला विचारा. उत्पन्नाचा दाखला, मुलाच्या नावाचे बँक खाते, फोटो, आधार, पुढे पुढे ऑनलाइन अर्ज. एखादी आई दोन दिवसांची मजुरी बुडवून तहसीलची पायरी चढे आणि तिसऱ्या दिवशी शाळेत येऊन विचारी, "सर, नाव बराबर लिखा है ना?" पासबुकावर 'शेख' आणि दाखल्यावर 'शैख' असले की पुन्हा पहिल्यापासून. आमच्यातले शहाणे तेव्हा हसत. म्हणत, शंभर रुपयांनी काय होते? कौमची तकदीर बदलणार आहे का?

तकदीर बदलणार नव्हती, हे आम्हालाही ठाऊक होते. पण त्या शंभर रुपयांनी एक गोष्ट होत असे. सरकारी पैसा मुलाच्या नावाने घरात येत असे. ज्या घरात पोराला लूमवर कांड्या भरायला बसवायचे की शाळेत धाडायचे, हा प्रश्न रोज सकाळी नव्याने उभा राहतो, त्या घरी जाऊन मास्तरला सांगता येई, "भाई, हजेरी भरली नाही तर त्याची स्कॉलरशिप जाईल." आमच्या हातात ते एवढेच वजन होते. मोठे नव्हते, पण काटा हलवायला पुरत असे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ही शिष्यवृत्ती नववी आणि दहावीपुरती केली. त्या वर्षीचे अर्ज तोवर भरून झाले होते. कारण असे सांगितले की शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच आहे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांची केंद्रीय शिष्यवृत्तीही नववीपासूनच मिळते. ऐकायला कारण सरळ वाटते. पण शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला. म्हणजे बारा वर्षे कायदा आणि शिष्यवृत्ती एकाच घरात सुखाने नांदत होते. बाराव्या वर्षी अचानक त्यांचे पटेनासे कसे झाले? आणि दलित-आदिवासी मुलांशी बरोबरी साधायचीच होती, तर त्यांची शिष्यवृत्तीही पहिलीपासून सुरू करता आली असती. समानता दोन प्रकारांनी आणता येते. मागे राहिलेल्याला पुढे घ्यावे, किंवा चार पावले पुढे गेलेल्याला मागे ओढावे. खर्चाची गोष्ट निघाली की सरकारला नेहमी दुसरा प्रकार सुचतो.

आता मोठी बेरीज करू. ९ डिसेंबर २००६ रोजी राष्ट्रीय विकास परिषदेत तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी अल्पसंख्याकांना, विशेषतः मुसलमानांना, विकासाचा वाटा मिळावा अशा योजना आखण्याविषयी बोलताना साधनसंपत्तीवरील पहिल्या हक्काची भाषा केली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कार्यालयाने खुलासा केला की त्या 'पहिल्या हक्कात' दलित, आदिवासी, मागासवर्ग, स्त्रिया, मुले असे सगळेच येतात. पण खुलाशाला कोण विचारतो? वाक्य उडाले ते उडाले. एप्रिल २०२४ मध्ये राजस्थानात बांसवाड्याच्या प्रचारसभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेच वाक्य पुन्हा बाहेर काढले. अठरा वर्षे एक पक्ष त्या वाक्याचा एहसान आमच्यावर चढवतो आहे आणि दुसरा त्याच वाक्याची भीती इतरांना घालतो आहे.

त्या पहिल्या हक्कापोटी हाती काय पडले? मनमोहन सिंग सरकारच्या अखेरच्या पूर्ण वर्षाचा, म्हणजे २०१३-१४ चा केंद्रीय अर्थसंकल्प १६ लाख ६५ हजार कोटींचा होता. त्यात अल्पसंख्याक मंत्रालयाची तरतूद ३५११ कोटी. शंभर रुपयांत एकवीस पैसे. २०२३-२४ चा अर्थसंकल्प ४५ लाख कोटींचा, मंत्रालयाची तरतूद ३०९७ कोटी. शंभर रुपयांत सात पैसे. २०२५-२६ ला अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींवर गेला आणि मंत्रालयाला मिळाले ३३५० कोटी. पुन्हा सातच पैसे, तेही पुरते नाहीत. आणि हे मंत्रालय एकट्या मुसलमानांचे नाही. ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन, या सगळ्यांचे मिळून हे सात पैसे आहेत.

इथे कोणी म्हणेल, मास्तर, रेशन, गॅस, घरकुल, रस्ता या योजना मुसलमानांना मिळत नाहीत का? मिळतात. त्यांचा खर्च या सात पैशांत नाही, हेही खरे. जे खरे ते मान्य केलेच पाहिजे. पण मग तोच न्याय उलटाही लावा. रस्ता आणि रेशन जर सर्वांचे आहेत, तर 'त्या लोकांना' म्हणून जे वेगळे दिले त्याची गोळाबेरीज शंभरात एकवीस पैसे होती आणि आता सात आहे. एवढ्यावर 'तुष्टीकरण' नावाचा डोंगर उभा राहतो आणि एवढ्यावरच 'कल्याण' नावाचे कमानीदार प्रवेशद्वारही उभे राहते.

काँग्रेसवाल्या मित्रांना हे वाचून बरे वाटत असेल. त्यांनी थोडे थांबावे. जून २००६ मध्ये पंतप्रधानांचा नवा पंधरा कलमी कार्यक्रम आला. त्यात लिहिले होते की निरनिराळ्या योजनांच्या तरतुदीतील १५ टक्के वाटा अल्पसंख्याकांसाठी राखावा, 'जेथे शक्य असेल तेथे'. हे चार शब्द आमच्या मुलांना समास सोडवायला द्यावेत असे आहेत. शक्य कुठे आहे हे ठरवायचे कोणी? ज्याला खर्च करायचा त्यानेच. सच्चरनंतर काय घडले हे पाहण्यासाठी त्याच सरकारने २०१३ मध्ये प्रा. अमिताभ कुंडू यांची समिती नेमली. २०१४ मध्ये तिचा अहवाल आला. निष्कर्ष असा की गरज जेवढी मोठी होती तेवढ्या मापाचे प्रयत्न झालेच नाहीत. म्हणजे जखम हातभर आणि पट्टी बोटभर. वर पट्टी बांधणाऱ्याचे छायाचित्र सगळ्या वर्तमानपत्रांत.

आता हजच्या अनुदानाची कहाणी घ्या. तिच्यात सगळ्या पक्षांची वृत्ती एकाच ठिकाणी दिसते. हे अनुदान आमच्या हाती कधी पडलेच नाही. ते विमानाच्या तिकिटापोटी होते, म्हणजे विमान कंपनीच्या गल्ल्यात जात होते. पण शिव्या आम्ही खात होतो. मे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले आणि हा पैसा समाजाच्या शिक्षणावर व प्रगतीवर खर्चावा असे सुचवले. आमच्यातल्या कितीतरी लोकांनी या निकालाचे स्वागत केले. ज्याची ऐपत नाही त्याच्यावर हज फर्जच नाही, मग सरकारी अनुदान कशाला, ही भूमिका दीनदार माणसेही मांडत होती. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनुदान पूर्ण बंद केले आणि जाहीर केले की हा पैसा अल्पसंख्याक मुलींच्या शिक्षणाला लागेल.

आम्ही आनंदलो. वर्गात मुलींना तसे सांगितलेही. मग पुढे काय झाले? मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशनमार्फत नववी ते बारावीच्या मुलींना बेगम हजरत महल शिष्यवृत्ती मिळत असे, नववी-दहावीला ५००० आणि अकरावी-बारावीला ६००० रुपये. ती २०२२-२३ पासून थांबली. डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगण्यात आले की संशोधन करणाऱ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिपही बंद, कारण ती इतर योजनांशी 'एकमेकांवर येते'. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द फाउंडेशन गुंडाळण्याचा आदेश निघाला. देशाच्या पहिल्या शिक्षणमंत्र्याच्या नावाने १९८९ पासून चाललेली संस्था! विमानाचे पैसे मुलींना मिळणार होते. विमानाचे गेले आणि मुलींचेही गेले.

पण आम्ही हेही विचारतो की २०१२ ते २०१४ या दोन वर्षांत अनुदानातली कपात सुरू झाली असताना, तो वाचलेला पैसा मुलींच्या वसतिगृहांवर लावा असे आमच्या 'हितचिंतक' पक्षांपैकी कोणी गळा काढून सांगितले का? हजच्या अनुदानावर भाषणे करणारे पुष्कळ होते. मुलींच्या शाळेवर बोलायला कोणी नव्हते. इथेच आमच्या मते खरी गोम आहे.

सरकारी खर्च दोन प्रकारचा असतो. एक दिसणारा, दुसरा न दिसणारा. दिसणाऱ्या खर्चाला तारीख असते, फीत असते, संगमरवरी पाटी असते आणि पाटीवर नाव असते. न दिसणारा खर्च म्हणजे शिक्षकाचा पगार, आठवीनंतरची नववीची तुकडी, मुलींचे स्वच्छतागृह, दर महिन्याला पोचणारी शिष्यवृत्ती. त्याला पाटी लावता येत नाही. कोणताही पक्ष घ्या, कोणत्याही रंगाचा. त्याचा हात पहिल्या खर्चावर सैल आणि दुसऱ्यावर आवळलेला असतो. पक्षापक्षांत खर्चाच्या धोरणाचा फरक नसतो. फरक असतो तो पाटीवर कोणाचे नाव लिहायचे आणि कोणाचे नाव घेऊन शिव्या द्यायच्या एवढाच.

आमच्या महाराष्ट्राचाच इतिहास पाहा. १९९५ साली युतीच्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. पाच वर्षांत केंद्रे राहिली, झुणकाही गेला आणि भाकरही गेली. २००४ साली काँग्रेस आघाडीच्या सरकारने शेतीपंपांना वीज मोफत केली, निवडणूक जिंकली आणि २००५ साली निर्णय मागे घेतला. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी 'रेवडी' वाटण्याच्या राजकारणावर टीका केली. जून २०२४ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या आघाडीने महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आणली, महिना १५०० रुपयांची. निवडणुकीत विरोधकांनी ३००० कबूल केले, सत्ताधाऱ्यांनी २१००. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात त्या योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले, २१०० चा आकडा मात्र आला नाही. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांच्या नफ्यावरचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारनेच सांगितले होते की यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल. त्याला रेवडी म्हटले नाही, 'प्रोत्साहन' म्हटले. गरिबाला दिले तर रेवडी, उद्योजकाला सोडले तर प्रोत्साहन, बहिणीला दिली ती ओवाळणी आणि मुसलमानाला दिले ते तुष्टीकरण! पैसा एकाच तिजोरीतला, नावे मात्र चार.

लाडकी बहीण योजनेला आमचा विरोध नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या खात्यातही ते पैसे आले, योजनेने धर्म विचारला नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. दीड हजार रुपये हाती आले की घरात बाईचा आवाज जरा वर येतो, हे आम्ही पाहिले आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. आईच्या खात्यात दीड हजार येतात त्याच वेळी मुलीची उर्दू शाळा सातवीला संपते आणि पुढचे हायस्कूल तीन कोसांवर असते. आईने ते दीड हजार काय करावे? रिक्षाला द्यावे, शिकवणीला द्यावे, की मुलीला घरी बसवून तिच्या जहेजसाठी साठवावे? रोख रकमेने शाळा विकत मिळत नाही. शाळा सरकारनेच चालवावी लागते, आणि तिच्यावरचा खर्च हा तो न दिसणारा खर्च.

त्या खर्चाचे काय झाले? २००० साली काँग्रेस आघाडीच्या सरकारने शिक्षणसेवक योजना आणली. तीन वर्षे पूर्ण काम आणि पगाराऐवजी मानधन. २०२३ मध्ये ते वाढेपर्यंत प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना ६००० आणि माध्यमिकच्याला ८००० रुपये मिळत, आणि हे दहा वर्षांहून अधिक काळ. त्याच मानधनावर आम्हीही तीन वर्षे काढली आहेत. २००१ साली 'कायम विनाअनुदानित' नावाचा प्रकार आला. शाळा काढा, मुले शिकवा, पण सरकारकडे पैसे मागू नका, कधीच! गरीब वस्तीतली कितीतरी उर्दू हायस्कुले याच अटीवर उघडली. २००९ साली 'कायम' हा शब्द काढला, मात्र अनुदान थेंबाथेंबाने यायलाही पुढे कित्येक वर्षे गेली. या धोरणात पुढच्या कोणत्या सरकारने मूळ बदल केला? कोणीच नाही. मोहल्ल्यातल्या सभेतल्याने नाही आणि चौकातल्या सभेतल्यानेही नाही.

आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये काय घडले? विधानसभा निवडणूक जाहीर व्हायला पाच दिवस उरले असताना राज्य मंत्रिमंडळाने मदरशांत शिकवणाऱ्या डी.एड. शिक्षकांचे मानधन ६००० वरून १६०००, आणि बी.एड. शिक्षकांचे ८००० वरून १८००० केले. त्या शिक्षकांना मिळाले ते योग्यच झाले, ते आमचेच भाईबंद आहेत. पण निर्णय कोणी घेतला ते पाहा. तुष्टीकरणाच्या नावाने रोज बोटे मोडणाऱ्यांनीच! वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या मानधनाला पाय फुटले ते आचारसंहितेच्या पाच दिवस आधी.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सच्चर समितीने दाखवून दिले होते की शाळेच्या वयाची आमची जेमतेम तीन-चार टक्के मुले मदरशात शिकतात. बाकीची शहाण्णव शाळेत तरी असतात, नाहीतर रस्त्यावर तरी. महाराष्ट्रात तर २००१ च्या जनगणनेनुसार मुसलमानांची साक्षरता ७८ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीहून किंचित अधिकच होती. आमचे आईबाप मुलांना शाळेत घालत नाहीत हा आरोप खोटा आहे. घालतात. पण ती दहावीपर्यंत टिकत नाहीत, कारण वाटेत शाळाच संपते. मात्र आमच्यासाठी खर्च करायचा म्हटले की सगळ्या पक्षांना मदरसा, हज आणि कब्रस्तान हीच तीन ठिकाणे आठवतात. त्यांच्या लेखी आम्ही फक्त नमाज पढतो आणि मरतो. मधल्या काळात शाळेतही जातो, हे त्यांच्या गावीही नाही.

पण त्यांच्या नावाने खडे फोडणे सोपे आहे. आता वाचकहो, आपल्याकडे वळू. कब्रस्तानाच्या कुंपणभिंतीसाठी आमच्या वस्तीतून मोर्चा निघाला होता, आम्हीही त्यात चाललो होतो. भिंत झाली, आमदार आले, हार घातले, पाटी लागली. शादीखान्यासाठी शिष्टमंडळ गेले, तोही झाला. आणि पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद झाली तेव्हा? चार निवेदने गेली, उर्दू वर्तमानपत्रांत दोन लेख आले, आणि संपले. मोर्चा निघाला नाही. मेलेल्यांच्या भिंतीसाठी आम्ही रस्त्यावर आलो, जिवंत मुलांच्या हजार रुपयांसाठी आलो नाही. मग पुढाऱ्याने काय शिकावे? तो आमच्याहून हुशार विद्यार्थी आहे. परीक्षेत जे विचारले जाते तेवढेच तो पाठ करतो.

आणि आम्ही मास्तर लोक? आम्हाला महागाई भत्त्याची टक्केवारी दशांश चिन्हासकट तोंडपाठ असते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली म्हणून मार्च २०२३ मध्ये संप झाला, त्यात आम्हीही होतो, आणि त्याची आम्हाला लाज नाही. पण आमच्या शाळेला वर्षाचे अनुदान किती मंजूर झाले आणि किती आले, हे आमच्यापैकी किती जणांना सांगता येईल? स्वतःच्या पगाराची रीत पाठ आणि मुलांच्या पैशांचे नुसते उत्तर, हे कसले शिक्षक?

आम्ही जकात देणारी कौम आहोत. अडीच टक्के काढताना आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते की हा गरिबाचा हक आहे, देणाऱ्याचा एहसान नाही. घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये. मग सरकारी पैशापुढेच आमची मान का झुकते? तो कोणाच्या बापाच्या खिशातला नाही. काडीपेटीपासून कापडापर्यंत जे काही आपण विकत घेतो त्यावर कर भरतो, आणि कर घेताना दुकानदार धर्म विचारत नाही. करातून आलेल्या पैशाला 'दिले' म्हणणारा नेता खोटा, आणि 'मिळाले' म्हणून त्याला हार घालणारे आपण भोळे.

याच महाराष्ट्राने एकदा वेगळी वाट दाखवली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७२ च्या दुष्काळात ती वाढली, १९७७ मध्ये विधिमंडळाने सर्व पक्षांच्या संमतीने तिचा कायदा केला. आणि तिच्यासाठी पैसा कुठून येणार हेही लपवले नाही. १९७५ पासून नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. तो आजही आमच्या पगारपत्रकात कापलेला दिसतो, आणि त्या एका ओळीवर आम्ही कधी कुरकुरलो नाही. काम मागणे हा हक्क, पैसा अमुक करातून, जबाबदारी अमुक अधिकाऱ्याची. उत्तरासोबत रीतही होती. म्हणून ती योजना सरकारे बदलली तरी टिकली, आणि २००५ साली दिल्लीलाही तिचा धडा गिरवावा लागला. झुणका-भाकरीला रीत नव्हती, ती आटोपली.

काही मित्र म्हणतात, दिवस कोणते आणि तुम्ही बोलता काय! जिथे जीव मुठीत धरून जगायचे तिथे हिशेब कसले मागता? आम्ही म्हणतो, याच दिवसांत हिशेब मागायला हवा. भावनेच्या मैदानात आम्ही नेहमी हरणार, तिथे ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. आकड्याच्या मैदानात चौदा टक्केवाला आणि ऐंशी टक्केवाला एकाच फळ्यासमोर उभे राहतात. शिवाय गावची शाळा नीट चालावी म्हणून प्रश्न विचारला तर शेजारच्या मराठी शाळेतला पालकही आपल्यासोबत उभा राहील, कारण त्याच्याही शाळेत शिक्षकाची जागा रिकामी आहे. कब्रस्तानाच्या भिंतीसाठी तो येणार नव्हता.

तर पुढच्या वेळी नेता मोहल्ल्यात आला की त्याला चहा जरूर पाजा, पण हाराआधी चार प्रश्न विचारा. तरतूद किती होती? वर्षाच्या मध्यात सुधारून किती उरली? प्रत्यक्ष खर्च किती झाला? आमच्या शाळेच्या दारापर्यंत किती पोचले? अर्थसंकल्पाच्या पुस्तकात पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे शेजारशेजारच्या रकान्यांत छापलेली असतात. २०२२-२३ ला अल्पसंख्याक मंत्रालयाची तरतूद ५०२० कोटी होती, सुधारित अंदाजात ती २६१२ कोटींवर आली. भाषणात पहिला आकडा असतो, दुसरा नसतो. चौथ्या प्रश्नासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे आणि गावात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. बैठकीच्या वहीवर घरी बसून अंगठा देण्याऐवजी बैठकीला जा. आणि नेता विरोधी पक्षाचा असेल तर पाचवा प्रश्न विचारा: पहिलीपासूनची शिष्यवृत्ती परत आणाल का, आणि आणली तर पैसा कोणत्या करातून?

आमच्या वर्गात चौथीत एक मुलगी आहे. तिच्या थोरल्या भावाला शिष्यवृत्तीचे हजार रुपये मिळत. ती परवा विचारत होती, "सर, मेरा फॉर्म कब भरना?" तिला काय सांगायचे? पहिला हक्क तुझाच आहे असे एकजण म्हणाला होता, हे सांगू? तुझे फार लाड झाले असे दुसरा म्हणतो, हे सांगू? आम्ही तिला म्हटले, बेटी, अजून पाच वर्षे थांब, नववीला ये.

तिने बोटांवर मोजले. चौथी, पाचवी, सहावी, सातवी. सातवीला बोट थांबले. आमच्या शाळेत पुढचा वर्ग नाही.